सोळा शाळा आणि एक कारखाना : भोपाळ, होशंगाबाद आणि प्रश्न विचारण्याच्या हक्काचा इतिहास

🧵 मोठा थ्रेड आहे, सवडीने वाचावा.

१/
२ डिसेंबर १९८४ ची रात्र. मध्यरात्र उलटून गेल्यावर जुन्या भोपाळमधील हजारो माणसे खोकल्याची उबळ आणि डोळ्यांची आग घेऊन जागी झाली. शेजारी कोणी मिरच्या जाळीत असावे, असे कित्येकांना वाटले. थोड्याच वेळात गल्ल्यागल्ल्यांतून माणसे धावू लागली. हवेत काय आहे, ते कोठून येत आहे आणि त्यापासून जीव वाचवायचा कसा, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती.

२/
भोपाळच्या दक्षिणेस सुमारे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी, होशंगाबाद आहे. २०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम असे झाले. त्या जिल्ह्यातील सरकारी शाळांत सहावी ते आठवीची मुले त्या काळी एका वेगळ्याच रीतीने विज्ञान शिकत होती. प्रश्न विचारणे, प्रयोग करणे, मोजणे आणि स्वतःच्या डोळ्यांनी दिसले तेच वहीत लिहिणे, ही ती रीत.

३/
या दोन कथा सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतात. एक शिक्षणाच्या इतिहासात, दुसरी औद्योगिक दुर्घटनांच्या इतिहासात. परंतु त्यांतील काही माणसे एकच आहेत आणि मूळ प्रश्नही एकच आहे : आपल्या भोवतालच्या हवेविषयी, पाण्याविषयी आणि स्वतःच्या शरीराविषयी जाणून घेण्याचा हक्क कोणाचा? म्हणून आज दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहू.

📌 भाग पहिला : होशंगाबाद

४/
१९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ ग्रामीण शाळांत एका प्रयोगाला मध्य प्रदेश शासनाने परवानगी दिली. मागे दोन संस्था होत्या : बनखेडी परिसरातील ‘किशोर भारती’ आणि होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’. पहिलीचे प्रमुख होते डॉ. अनिल सद्गोपाल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जीवशास्त्र-संशोधन सोडून ते खेड्यात आले होते. दुसरी संस्था क्वेकर पंथीयांची, ग्रामसेवेची जुनी परंपरा असलेली.

५/
या प्रयोगाची एक मुळी मुंबईत होती. टाटा संस्थेतील काही शास्त्रज्ञ त्या काळी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा उद्योग करीत होते. महागड्या प्रयोगशाळेवाचून, साध्या साहित्याने विज्ञान शिकविता येते, हा त्यांचा अनुभव. तीच कल्पना आता वीज नसलेल्या, कोठे कोठे बाकेही नसलेल्या वर्गांत नेऊन पाहायची होती. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही या कामात सामील झाले.

६/
‘होशंगाबाद विज्ञान’ या नावाने हा कार्यक्रम पुढे ओळखला जाऊ लागला. त्याच्या पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. या पुस्तकात उत्तरे फारशी नव्हतीच. प्रश्न होते आणि प्रयोगाच्या कृती होत्या. मुले चार-चारच्या टोळ्या करून बसत, शेतात जाऊन पाने-मुळे गोळा करीत, मोजत, नोंदवीत. मग वर्गात चर्चा होई आणि त्यातून निष्कर्ष निघे. शिक्षकाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी, ही सवय मोडायची होती.

७/
उदाहरण पाहा. पानांवरील शिरांची रचना आणि त्या झाडाची मुळे यांत काही नाते आहे का? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर एका ओळीत देता येते. येथे मुले निरनिराळी रोपे उपटून आणीत, जाळीदार शिरांची पाने एका बाजूस आणि समांतर शिरांची दुसऱ्या बाजूस मांडीत, मग मुळे तपासून नाते स्वतः शोधून काढीत. याच पुस्तकमालेत संयोग आणि संभाव्यता यांवरही धडा होता. एखादी गोष्ट योगायोगाने घडली की तिच्यामागे काही कारण आहे, हे कसे ओळखावे? हा प्रश्न ध्यानात ठेवा. पुढे भोपाळच्या वस्तीत तो पुन्हा भेटणार आहे.

८/
परीक्षाही निराळी. लेखी परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवण्यास मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी होई. मुलांच्या मनात येणारे कोणतेही प्रश्न पत्राने विचारता यावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. खेड्यापाड्यांतून मुले सवालीरामला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात. सरकारी शाळेतल्या, शेतमजुराच्या मुलाच्या प्रश्नालाही उत्तर मिळालेच पाहिजे, हा त्यामागचा आग्रह.

९/
१९७८ मध्ये हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सगळ्या शाळांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत पोहोचला. त्याच वर्षी पुण्यातील टेल्कोतून रजा घेऊन एक तरुण अभियंता तेथे दाखल झाला. गावच्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून तो भूमितीच्या आकृत्या करू लागला. हे अरविंद गुप्ता. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञानकेंद्रातून त्यांची खेळणी महाराष्ट्रभर गेली. आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत केलीही असतील.

१०/
याच जिल्ह्यात सत्तरच्या दशकात आणखी एक गोष्ट घडत होती. तवा धरणाचे पाणी कालव्यांनी शेतांत आले आणि काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनी चिबड होऊ लागल्या. सुपीक रान दलदलीसारखे झाले. बनवारीलाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध ‘मिट्टी बचाओ’ आंदोलन उभारले. धरण कागदावर लाभाचे होते. तोटा कोणाच्या शेतात साचतो, हे मात्र शेतकऱ्यालाच दिसत होते. ‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्द तेव्हा होशंगाबादेत कोणी वापरीत नसे, परंतु प्रश्न नेमका तोच होता.

११/
तो शब्द रुळला अमेरिकेत. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वॉरेन काउंटीत, बहुसंख्य कृष्णवर्णीय व गरीब वस्ती असलेल्या भागात, विषारी पीसीबीने दूषित झालेली माती पुरण्याचे सरकारने ठरविले. लोक रस्त्यावर ट्रकांपुढे आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. उकिरडा नेहमी गरिबाच्याच दारी का, हा प्रश्न तेथून देशभर गेला.

१२/
त्याच १९८२ साली इकडे ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि होशंगाबाद विज्ञानाची धुरा तिने घेतली. आणि त्याच वर्षी भोपाळमध्ये राजकुमार केसवानी नावाचा एक तरुण पत्रकार आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करू लागला, की आपण ज्वालामुखीच्या तोंडाशी बसलो आहोत.

📌 भाग दुसरा : कारखाना

१३/
युनियन कार्बाइडचा भोपाळचा कारखाना १९६९ पासूनचा. ‘सेविन’ हे कीटकनाशक तेथे तयार होई. हरितक्रांतीचे दिवस होते. कीटकनाशक म्हणजे प्रगती, असे समीकरण होते. सेविनसाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट, म्हणजे ‘मिक’, आरंभी बाहेरून येई. १९८० पासून ते भोपाळातच तयार करून मोठ्या टाक्यांत साठविले जाऊ लागले. कारखान्याच्या भिंतीला लागून जयप्रकाश नगरसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या होत्या.

१४/
डिसेंबर १९८१ मध्ये कारखान्यात फॉस्जीन वायूची गळती होऊन एक कामगार दगावला. पुढच्या वर्षी पुन्हा गळती झाली. कामगार संघटनेने तक्रारी केल्या. केसवानींनी लेख लिहिले. पण उत्पादनाला मागणी घटली होती, कारखाना तोट्यात होता आणि खर्चाला कात्री लागत होती. ‘मिक’ विभागातील पाळीची माणसे १२ वरून ६ वर आली. सुरक्षेचे प्रशिक्षण सहा महिन्यांवरून पंधरा दिवसांवर आले.

१५/
१९८४ च्या डिसेंबरात स्थिती अशी होती : टाक्या थंड ठेवणारे शीतकरण यंत्र बंद, निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळापासून तोडलेला, वायू धुऊन निरुपद्रवी करणारी यंत्रणाही सज्ज नव्हती. त्या रात्री ई-६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, रासायनिक क्रिया भडकली आणि सुमारे ४० टन विषारी वायू थंडीच्या हवेत सुटला.

१६/
येथे थोडे विज्ञान. ‘मिक’चा रेणुभार सुमारे ५७, हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. म्हणजे हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो. आता विचार करा : त्या गर्दीत सर्वांत कमी उंचीचे कोण होते? लहान मुले. आणि धावताना श्वास जोरात चालतो, म्हणजे विषही अधिक आत जाते. वारा कारखान्याकडून शहराकडे वाहत होता आणि कित्येक माणसे त्याच वाऱ्याच्या दिशेने धावत राहिली.

१७/
‘मिक’ची पाण्याशी क्रिया होते. नाकातोंडावर ओले फडके घट्ट धरून, न धावता, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला निघून जाणे, एवढी साधी सूचनाही अनेकांचा जीव वाचवू शकली असती. सातवी-आठवीच्या मुलाला समजेल एवढेच हे ज्ञान. पण वस्तीत ते कोणी सांगितले नव्हते. कारखान्याचा भोंगा वाजला आणि लगेच बंद झाला. लोकांसाठी तो पुन्हा वाजेपर्यंत रात्रीचे दोन वाजून गेले होते. तोवर वायू घराघरांत शिरला होता.

१८/
याच कंपनीचा असाच कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात होता. तेथे धोक्याची सूचना देणारी संगणकीकृत यंत्रणा होती. भोपाळमध्ये भिस्त हाताने वाचायच्या मापकांवर आणि माणसाच्या नाकावर. तेथे आसपासच्या वस्तीला हलविण्याची योजना तयार होती. भोपाळमध्ये तशी योजनाच नव्हती. कंपनी एकच, रसायन एकच. तरी माणसाच्या जिवाचे मोल दोन ठिकाणी दोन प्रकारचे.

१९/
मृत्यू किती? सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९. मध्य प्रदेश शासनाने पुढे मान्य केलेला आकडा ३,७८७. भरपाईच्या दाव्यांतून निश्चित झालेले मृत्यू ५,२९५. पीडितांच्या संघटनांचा आकडा याच्या कितीतरी पट. वायूची झळ लागलेले पाच लाखांहून अधिक. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे : आकडा हा निसर्गातून आपोआप उगवत नाही. कोणाला मोजायचे, कधीपर्यंत मोजायचे आणि कोणत्या कागदाला पुरावा मानायचे, हे कोणीतरी ठरवीत असते.

📌 भाग तिसरा : वस्तीतला वर्ग

२०/
दुर्घटनेनंतर काही दिवसांतच ‘जहरीली गैस कांड संघर्ष मोर्चा’ उभा राहिला. त्याच्या अग्रभागी होते किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल. बारा वर्षे मुलांना ‘पुरावा काय?’ असे विचारायला शिकविणारा माणूस आता तोच प्रश्न सरकारला आणि कंपनीला विचारू लागला. शरीरात नेमके काय गेले? त्यावर उतारा आहे का? पाण्यात, भाजीपाल्यात विष उरले आहे का? मुले पुढे कशी जन्मतील? उत्तरे येत नव्हती. कंपनी रसायनांची पूर्ण माहिती देत नव्हती.

२१/
सोडियम थायोसल्फेट हे औषध देण्यावरून वाद पेटला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चाचण्यांत काही रुग्णांना त्याचा गुण येताना दिसला होता. तरीही ते सर्वांपर्यंत पोहोचेना, कारण ते उपयोगी ठरते असे मान्य करणे म्हणजे विष फुप्फुसापुरते न थांबता रक्तातून सर्वांगात पोहोचले, हे मान्य करणे. भरपाईचा हिशेब त्यावर अवलंबून होता. वस्तीतील लोकांनी स्वयंसेवी डॉक्टरांच्या साह्याने चालविलेल्या दवाखान्यावर जून १९८५ मध्ये पोलिसांनी छापा घातला.

२२/
आता तो संभाव्यतेचा धडा आठवा. खोकला, धाप, पोटदुखी, विस्मरण अशा तक्रारी लोक सांगत होते. गरिबांना हे आजार आधीपासूनच असतात, भरपाईसाठी सोंग चालले आहे, असे म्हटले जाऊ लागले. मग खरे कसे ठरवायचे? मार्च १९८५ मध्ये ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने दोन वस्त्या निवडल्या : कारखान्यासमोरील जयप्रकाश नगर आणि दूरची अण्णा नगर. दोन्हीकडे गरिबी सारखी. वायूची झळ मात्र कमी-अधिक.

२३/
ही तुलना म्हणजे लोकांच्या आरोग्याचा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारण्याचा उत्तम नमुना. गरिबीमुळेच आजार असते तर दोन्ही वस्त्यांत ते सारखेच आढळले असते. तसे नव्हते. जयप्रकाश नगरातील आजार कितीतरी अधिक होते आणि ते फुप्फुस व डोळे यांपुरते मर्यादित नव्हते. पाने आणि मुळे दोन ढिगांत मांडून नाते शोधणाऱ्या मुलाची पद्धत आणि ही पद्धत, दोन्हींत तत्त्व एकच. ढीग मात्र आता माणसांच्या दुखण्यांचे होते.

२४/
स्त्रियांच्या दुखण्यांकडे तर प्रथम कोणी पाहिलेच नव्हते. १९८५ मध्येच डॉ. राणी बंग आणि किशोर भारतीच्या डॉ. मीरा सद्गोपाल यांनी वायुग्रस्त स्त्रियांची तपासणी केली आणि स्त्रीरोगांची जणू साथच पसरल्याचे निदर्शनास आणले. महाराष्ट्राला डॉ. राणी बंग गडचिरोलीतील कामामुळे परिचित आहेत. त्याआधीचा हा भोपाळचा अध्याय फारसा सांगितला जात नाही. नंतरच्या एका पाहणीत, कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्क्यांच्या पोटी जिवंत मूल आले नाही, असे आढळले.

२५/
जुलै १९८५ मध्ये एकलव्यने भोपाळहून मुलांसाठी ‘चकमक’ हे मासिक सुरू केले. दुर्घटनेला अजून वर्षही झाले नव्हते. जे शहर आपल्या मुलांना हवेत काय आहे हे सांगू शकले नव्हते, तेथूनच मुलांनी विचार करावा, लिहावे, चित्रे काढावीत, प्रश्न विचारावेत म्हणून मासिक निघू लागले. ते आजही निघते. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्यात ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी नियतकालिकही पुढे उभे राहिले.

📌 भाग चौथा : कायदा, पुस्तक आणि विस्मरण

२६/
भोपाळनंतर कायदे आले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती : धोकादायक कारखान्याने कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही धोक्याची माहिती देणे बंधनकारक. १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम : कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी आपत्कालीन योजना हवीच. अमेरिकेतही १९८६ साली लोकांच्या ‘जाणण्याच्या हक्काचा’ कायदा झाला, तो भोपाळमुळेच आणि त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातील कारखान्यात ऑगस्ट १९८५ मध्ये झालेल्या गळतीमुळे. जगभरच्या लोकांना हा हक्क मिळाला, त्याची किंमत जयप्रकाश नगराने मोजली आहे.

२७/
शाळेकडे येऊ. नोव्हेंबर १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करावा असा आदेश दिला. पुढे पुष्कळ पुस्तके निघाली. त्यांतील बहुतेक पाठ झाडे लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा, या वळणाचे. हा उपदेश चांगलाच. पण त्यात एक पोकळी आहे. प्रदूषण जणू सगळ्यांनी मिळून सारखेच केले आणि सगळ्यांनी सारखेच सोसले, असा त्याचा सूर असतो. भोपाळची गोष्ट या सुरात बसत नाही.

२८/
म्हणून २००८ साली आलेल्या एनसीईआरटीच्या आठवीच्या सामाजिक आणि राजकीय जीवनावरील पुस्तकाची नोंद घ्यावी लागते. कायदा आणि सामाजिक न्याय यांवरील धड्यात त्यांनी भोपाळ घेतले. दोन देशांतील कारखान्यांच्या सुरक्षाव्यवस्थांची तुलना मुलांपुढे ठेवली आणि कंपनीने भारतात हा कारखाना का काढला असेल, कामगारांचे मोल कमी का धरले गेले, असे प्रश्न विचारले. तेरा वर्षांच्या मुलाला हे झेपेल का, अशी शंका काहींना येते. जयप्रकाश नगरातील तेरा वर्षांच्या मुलांना ती रात्र झेपेल का, हे कोणी विचारले नव्हते.

२९/
आणि होशंगाबाद विज्ञान? तीस वर्षे चालून, डझनाहून अधिक जिल्ह्यांतील शेकडो शाळांत पसरून, जुलै २००२ मध्ये शासनाच्या आदेशाने ते बंद झाले. सर्व राज्यात एकच अभ्यासक्रम हवा, ही पद्धत माहिती कमी देते, असे आक्षेप होते. देशभरातील अनेक वैज्ञानिकांनी निषेध केला. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की सगळ्याच शाळांत तो कार्यक्रम सारखा रुजला नव्हता. बदल्या, रिकामी पदे, साहित्याची टंचाई यांनी तो जागोजागी खिळखिळा केला होता. तरी दुरुस्त करणे आणि मोडून टाकणे यांत फरक आहे.

३०/
त्याआधी १९९४ मध्ये आयुर्विज्ञान परिषदेने भोपाळमधील आपली संशोधने थांबविली होती. विषाचे काम मात्र थांबले नव्हते. कारखान्याच्या आवारातील रासायनिक कचरा जमिनीत झिरपत होता. १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या तपासणीत आसपासच्या भूजलात घातक रसायने आढळली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश द्यावा लागला. त्या रात्री जन्मलेलीही नव्हती अशी मुले ते पाणी पीत वाढली. आवारातील ३३७ टन कचरा तेथून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस वर्षांनी, आणि तोही पीथमपूरच्या लोकांच्या विरोधात. उकिरडा कोणाच्या दारी, हा वॉरेन काउंटीचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला.

📌 समारोप

३१/
एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : भोपाळच्या मुलांना होशंगाबादसारखे विज्ञान मिळाले असते तर ती वाचली असती. हा निष्कर्ष खरा नाही आणि न्याय्यही नाही. केसवानींना प्रश्न पडले होते. कामगार संघटनेला पडले होते. त्यांनी ते विचारलेही. उत्तर देण्याचे ज्यांचे कर्तव्य होते ते गप्प राहिले. अडाणीपणाचा दोष मरणाऱ्यांच्या माथी मारणे, ही त्या रात्रीची दुसरी गळती ठरेल.

३२/
मग शाळेत हे शिकविण्याचा उपयोग काय? उपयोग वर्गाबाहेर दिसतो. जून १९८५ मध्ये छापा पडूनही लोकांनी दवाखान्याची मागणी सोडली नाही. दोन वस्त्यांच्या तुलनेने सोंगाचा आरोप फोल ठरविला. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी वायुपीडित कामगार स्त्रियांनी न्यायासाठी दशकानुदशके लढा दिला. २००४ मध्ये जागतिक सन्मान मिळाला तेव्हा त्या पैशातून त्यांनी वायुग्रस्त घरांतील अपंग मुलांसाठी ‘चिंगारी’ न्यास उभा केला. लढणाऱ्याच्या हाती पुरावा असला की त्याला खोटे पाडणे कठीण जाते. पुरावा कसा जमवायचा, हे सहावी-सातवीत शिकता येते.

३३/
तुमच्यापैकी अनेक जण तारापूर, लोटे परशुराम, कुरकुंभ, महाड किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतींजवळ राहत असतील. काही जण शिक्षक असतील. एक प्रकल्प सुचवितो. गावाच्या नकाशावर कारखाने, शाळा, दवाखाने, विहिरी आणि वस्त्या मांडा. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात वारा कोणत्या दिशेने वाहतो ते महिनाभर नोंदवा. वाऱ्याच्या वाटेवर कोणाची घरे आहेत ते पाहा. धोक्याचा भोंगा झाल्यास काय करायचे, हे त्या घरांतील दहा माणसांना विचारा आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवा.

३४/
मग जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आपत्कालीन योजनेची माहिती मागा. १९८९ च्या नियमांनी तिची तरतूद केली आहे आणि २००५ पासून माहितीचा अधिकारही आपल्या हाती आहे. उत्तर आले तर ते वर्गात वाचा, समजेल अशा मराठीत लिहून वस्तीत लावा. उत्तर आले नाही तर तीही नोंदच आहे. तारीख घालून वहीत लिहा.

३५/
सवालीरामला पत्र लिहिणाऱ्या मुलाला एक भरवसा होता : प्रश्न टाकला की उत्तर येते. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे भोपाळच्या इस्पितळांत डॉक्टर कारखान्याकडे विचारीत होते, की हा वायू कोणता आणि यावर उपचार काय. त्यांना नीट उत्तर मिळाले नाही. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच्या त्या अंतरात आपल्या देशाचा बराच इतिहास मावतो.

तुमच्या गावाजवळ कोणता कारखाना आहे आणि तेथे काय तयार होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? खाली जरूर लिहा. 🙏